दंतकथेचे खंडन आणि ललितलेखक

इतिहासविषयक लोकप्रिय दंतकथेचे खंडन कसे होते, हे मराठीपुरते पाहावयाचे झाल्यास संभाजीराजांच्या चरित्राइतके बोधप्रद उदाहरण दुसरे आढळत नाही. व्यसनी, उतावळा, पित्याच्या कीर्तीस न शोभणारा राजपुत्र, ही त्यांची प्रतिमा दीर्घकाळ रूढ होती. तिचा एक प्रमुख आधार मल्हार रामराव चिटणिसांची बखर होय. ती १६८९ मधील राजांच्या वधानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. शिवाय बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ मध्ये याच राजांनी देहदंड दिला होता. पुढे गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यासा'ने या प्रतिमेस वाणीचे वैभव प्राप्त करून दिले.

वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र १९६० साली, अनेक दशकांच्या संशोधनानंतर, प्रसिद्ध झाले. १९७१ मध्ये कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले. या अभ्यासामागील पद्धती दिसावयास साधी आहे: कोणी लिहिले, केव्हा लिहिले व कोणासाठी लिहिले हे विचारावयाचे, आणि उत्तरकालीन कथनासमोर समकालीन कागद ठेवावयाचा. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा राजा या शोधातून पुन्हा वाचकांच्या दृष्टीस पडला.

परंतु ललितलेखकांनी या संशोधनाचे काय केले? कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) या नाटकात पितापुत्रांतील ताण माणसांचा ताण म्हणून उभा राहतो. शिवाजी सावंतांच्या 'छावा'त (१९७९) मात्र नायकाची उंची वाढते, आणि २०२५ च्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटात तर त्याच्या ठायी शंकेला जागाच उरत नाही. १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले, ही घटना निर्विवाद आहे. तो पित्याचाच गुप्त डाव होता, असे सांगणारी कथा आज आवडीने ऐकली जाते. जुन्या दंतकथेच्या आसनावर नवी बसली, एवढाच याचा अर्थ. २०१७ मध्ये पुण्याच्या उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडण्यात आला. त्याने 'राजसंन्यासा'तील एका वाक्याचेही खंडन झाले नाही.

इंग्लंडातील तिसऱ्या रिचर्डची कथा या संदर्भात आठवते. शेक्सपिअरने त्यास कुबडा, लुळ्या हाताचा खलपुरुष केले. त्याच्या कैवाऱ्यांपैकी अनेकांनी ते व्यंग सर्वस्वी बनावट ठरविले. २०१२ मध्ये लेस्टर येथे त्याचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा खरोखरच वाकलेला होता. हात मात्र लुळा असल्याची खूण नव्हती. अस्थींनी दोन्ही पक्षांस थोडे थोडे खोटे पाडले.

भनपुरीत राहून मराठीतून हिंदीत अनुवाद करताना हा प्रश्न मजपुढे वारंवार येतो. येथील हिंदी वाचकाच्या हाती बेंद्रे नसतात. कादंबरी आणि चित्रपट असतात. "हे असेच घडले काय?" असे तो विचारतो, तेव्हा "ही कादंबरी आहे" एवढे उत्तर पुरत नाही. म्हणून ऐतिहासिक कादंबरीच्या अनुवादास एक पृष्ठ जोडले जावे असे वाटते: कोणता प्रसंग कागदांत सापडतो, कोणता बखरीतला आणि कोणता लेखकाचा. कादंबरीची गोडी त्याने उणावत नाही, आणि बेंद्र्यांनी विचारलेले प्रश्न तरी दुसऱ्या भाषेत पोहोचतात.