आठ तोतये आणि एक शेष

आमच्याकडे कुणी जरा विचित्र वागलं की लोक सहज म्हणतात, ‘याला रत्नागिरीला न्यायला पाहिजे.’ राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातलं चौथं आमच्या गावात, ब्रिटिशांच्या काळापासून. इंजिनिअरिंगला गेल्यावर गावाचं नाव सांगितलं की पुढे कोणता विनोद येणार, हे मला पाठ झालं होतं.

आता तो विनोद कमी ऐकू येतो. त्याच्या जागी रील्स आल्या आहेत. ‘मानसशास्त्रातले हादरवून टाकणारे पाच प्रयोग’ अशा यादीत रोझेनहानचा नंबर ठरलेला असतो.

गोष्ट आहेच तशी. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड रोझेनहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा लेख आला. स्वतः रोझेनहान धरून आठ धडधाकट माणसं बारा मनोरुग्णालयांत गेली. ‘रिकामं’, ‘पोकळ’, ‘धप्प’ असे आवाज ऐकू येतात, एवढंच त्यांनी सांगितलं. सगळ्यांना दाखल करून घेतलं. आत गेल्यावर ते नेहमीसारखे वागू लागले, तरी सरासरी १९ दिवस आणि एकाला तर ५२ दिवस आत काढावे लागले. निष्कर्ष: डॉक्टरांना शहाणा आणि वेडा यांतला फरक कळत नाही.

पुढचा भाग रीलमध्ये नसतो. पत्रकार सुझॅना कॅहॅलन यांनी २०१९ च्या पुस्तकात या प्रयोगाचा माग काढला. आजारपणात चुकीच्या मानसिक निदानाचा फटका त्यांना स्वतःला बसला होता, त्यामुळे त्या या प्रयोगाच्या चाहत्याच होत्या. पण रोझेनहानच्या स्वतःच्या केसपेपरवर तीन शब्दांपेक्षा बरंच काही, अगदी आत्महत्येच्या विचारांचीही नोंद निघाली. रोझेनहानखेरीज आठातला फक्त एक जण सापडला. बाकी सहा जणांचा पत्ताच लागला नाही. एक नववाही होता. त्याला रुग्णालयात चक्क बरं वाटलं होतं. त्याचा अनुभव लेखातून वगळला गेला.

माझ्या कामात एखादा बग दुसऱ्याच्या मशीनवर पुन्हा दिसला नाही, तर त्यावरून अख्खी सिस्टीम बदलायला कुणी घेत नाही. इथे मात्र मूळ नोंदी न बघता पन्नास वर्षं गोष्ट पुढे चालत राहिली. रुग्णालयात माणसाला माणूस म्हणून वागवत नाहीत, हे रोझेनहानचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याकडे लक्ष जायलाच हवं होतं. पण या गोष्टीत खरे रुग्ण कुठे आहेत? लेखात ते ठळक दिसतात ते तोतयांना ओळखणारे म्हणून: पहिल्या काही दाखल्यांत ११८ पैकी ३५ जणांनी शंका बोलून दाखवली. ते स्वतः तिथे का होते आणि पुढे त्यांचं काय झालं, याचं आपल्याला काहीच पडलेलं नसतं.

हे वाचनापुरतं राहत नाही. ओळखीच्या एका घरात धाकट्या भावाच्या गोळ्या सुरू होत्या. कुणीतरी घरच्या ग्रुपवर ही रील टाकली आणि ‘डॉक्टर लेबलं लावतात’ म्हणून गोळ्या बंद झाल्या. पुढचे काही महिने त्या घरानं कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक.

म्हणून ‘देवराई’ बघा असं मी सांगतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट २००४ चा. भावे मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, आणि केस स्टडी हे तिथलं रोजचं हत्यार. शेष (अतुल कुलकर्णी) हुशार आहे, गावाजवळच्या देवराईत त्याचा जीव गुंतलेला आहे आणि त्याला स्किझोफ्रेनिया आहे. त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते. तिथून प्रश्न बदलतो. निदान बरोबर की चूक, हे बाजूला पडतं. संसार, भाऊ आणि स्वतःची दमछाक, हे सगळं ती कसं निभावणार? प्रसिद्ध केस स्टडींमध्ये ही बहीण कधीच नसते.

चित्रपटात उणिवा आहेत. डॉक्टर आजार समजावून सांगतात तेव्हा आपण वर्गात बसलोय असं वाटतं. जास्त खटकते ती देवराईची उपमा. तोडलं जाणारं पवित्र रान आणि विस्कटणारं मन यांना समोरासमोर ठेवलं की आजार सुंदर दिसायला लागतो. शेष इतका तरल आणि बुद्धिमान आहे की त्याच्याबद्दल कळवळा येणं सोपं जातं. साधा, चिडका, फारसा हुशार नसलेला शेष असता, तर आपण सीनाइतके थांबलो असतो का?

याच जोडीच्या ‘कासव’मध्ये (२०१६ चं सुवर्णकमळ) हे बरंच सावरलंय. तिथेही कोकणचा किनारा आहे, उपमाही आहे. पण जानकी त्या मुलाला प्रश्न विचारत नाही, आजाराचं व्याख्यान देत नाही. जेवण, खोली आणि वेळ देते. मुलगाही काही गोड नाही. तो तुसडा वागतो, आणि चित्रपट त्याला तसं वागू देतो.

तरी दोघांतून एक निवडायचा झाला तर मी ‘देवराई’ निवडेन. जानकीकडे मोठं घर आहे, मदतीला माणसं आहेत, आणि मुलगा परका आहे. सीनाकडे यातलं फारसं काही नाही आणि भाऊ तिचा स्वतःचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांवर वेळ आली, तर ती सीनासारखी येईल. पुढच्या वेळी ग्रुपवर रोझेनहानची रील आली की खाली ‘देवराई’चं नाव टाका. दोन तास लागतात, पण त्यात निदान खरा रुग्ण आणि त्याच्या घरचे तरी भेटतात.