‘छेद’ आणि ‘गुण’: एका तुलनेची परिभाषा

मुलांच्या जठरातील अन्नरस वारंवार अन्ननलिकेत उलटून येत असेल व औषधाने तो थांबत नसेल, तर निसेन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतात. ‘खुली’ आणि ‘दुर्बिणीची’ ही विशेषणे हे कार्य सांगत नाहीत. केवळ प्रवेशमार्ग सांगतात. तथापि ‘लहान छेद’ या पदातील ‘लहान’ हे विशेषण वाचक नकळत धोक्यालाही लावतो. हा अर्थविस्तार पुराव्यावर टिकत नाही. लंडन येथील ३९ मुलांच्या चाचणीत (२०११) दुर्बिणीच्या गटात कोरड्या ओकाऱ्या कमी आढळल्या. उलट नॉर्वेतील ८८ मुलांच्या चाचणीत (२०१५) त्याच गटातील ३७ टक्के मुलांत विकार परतला, खुल्या गटात ७ टक्के. दोहोंकडे ‘गुण आला’ असे म्हटले, तरी त्याचा वाच्यार्थ एक नव्हे. म्हणून श्रेष्ठ कोणती, याआधी श्रेष्ठ कशात, हे सांगितले पाहिजे. कारण ज्या मुलाला स्वतःची वेदना सांगता येत नाही, त्याच्या वतीने आईबाप संमती देतात, ती याच शब्दांवर विसंबून.