‘पेटंट’ या शब्दाची किंमत

पाणी गाळण्याच्या यंत्रापासून केसांच्या तेलापर्यंत कितीतरी वस्तूंच्या वेष्टनावर ‘पेटंट’ किंवा ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असे छापलेले आढळते. गिऱ्हाईक त्या शब्दाला शास्त्रज्ञाची सही समजते. वास्तविक पेटंट म्हणजे गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नव्हे. कल्पना नवी आहे, जाणकाराला सहज सुचणारी नाही आणि उद्योगात वापरता येण्याजोगी आहे, एवढे पाहून सरकार वीस वर्षांपुरता मक्ता देते. अर्ज तर कोणीही करू शकतो. तरीही हा शब्द माल खपवतो, म्हणून तो खोटेपणाने छापण्याचा मोह होतो आणि म्हणूनच त्याला कायद्याने दंड आहे. हा दंड मोजायचा कसा, याबाबतीत मात्र कायदे करणाऱ्यांचे गणित कच्चे राहिले आहे, असे आमचे मत आहे.

अमेरिकेत फसवण्याच्या हेतूने असा खोटा शिक्का मारल्यास ‘प्रत्येक गुन्ह्यास’ ५०० डॉलरपर्यंत दंड होता. कोणाही नागरिकाने दावा लावावा. दंडातला निम्मा त्याचा, निम्मा सरकारचा. पण गुन्हा एक म्हणजे किती? २००९ साली बांधकामावर वापरायच्या उंच पायांच्या एका खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की प्रत्येक नग हा वेगळा गुन्हा. लगेच दाव्यांचा पाऊस पडला. सोलो कप कंपनीच्या पेल्यांच्या झाकणांवर मुदत संपलेल्या पेटंटांचे क्रमांक उमटत होते, कारण ते साच्यातच कोरलेले होते आणि साचे पंधरा-वीस वर्षे टिकतात. झाकणे निघाली २१ अब्जांहून अधिक! वर्गात हा गुणाकार जरूर करून घ्यावा: कमाल दंड दहा लाख कोटी डॉलरांच्या पुढे जातो. २०१० साली न्यायालयाने फसवण्याचा हेतू सिद्ध होत नाही म्हणून कंपनीला सोडले. उंच पायांच्या खटल्यात शेवटी ३८ नगांचे मिळून ६,८४० डॉलर भरावे लागले.

यावर २०११ साली काढलेला तोडगा आम्हांला रोगापेक्षा औषध जालीम अशा जातीचा वाटतो. दंड मागण्याचा अधिकार फक्त सरकारला उरला. धंद्यात प्रत्यक्ष नुकसान झालेला प्रतिस्पर्धी भरपाई मागू शकतो. मुदत संपलेला क्रमांक छापणे गुन्हाच राहिला नाही. दाव्यांवर पोट भरणारे वकील हटले हे खरे, पण त्यांच्याबरोबर गिऱ्हाईकही दाराबाहेर गेले.

आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचे १२० वे कलम याच कामाचे आहे. त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. देशाचे नाव न घालता नुसते ‘पेटंट’ छापले, तर तो भारतातल्या पेटंटाचा दावा मानला जातो. म्हणजे परदेशातला कागद दाखवून सुटता येत नाही. पूर्वी एक लाख रुपयांपर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो दहा लाखांपर्यंत नेला, आणि दावा चालूच ठेवल्यास रोजचे आणखी एक हजार. हा दंड आता फौजदारी न्यायालयाऐवजी नेमलेला अधिकारी ठरवतो. नगांऐवजी दिवस मोजणे आम्हांला पटते. झाकणांचा घोटाळा त्यात होत नाही.

खरी उणीव दुसरीकडेच आहे. याच कायद्याचे १११ वे कलम म्हणते की क्रमांकाशिवाय नुसता ‘पेटंट’ शब्द छापला असेल, तर नक्कल करणाऱ्याला पेटंटाची सूचना मिळाली असे धरता येणार नाही. नक्कल करणाऱ्याच्या बाबतीत एवढी काळजी! गिऱ्हाइकासाठी मात्र क्रमांक छापण्याची सक्ती नाही. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून शोध घेता येतो, तोही फुकट. पेटंट कोणाचे, कशावर आणि चालू आहे की संपले, हे नववीतली मुलगीसुद्धा दहा मिनिटांत काढील. वेष्टनावर क्रमांकच नसेल, तर तिने तिथे घालायचे काय?