आज्ञापत्रांतील राजसत्तेच्या मर्यादा : एक परीक्षण

रामचंद्र नीलकंठ अमात्य यांच्या नांवाशीं निगडित असलेलें व कोल्हापूरकर संभाजी महाराजांच्या आज्ञेच्या रूपानें इ. स. १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेलें आज्ञापत्र मराठी राजनीतीचा प्रमुख ग्रंथ म्हणून मान्यता पावलें आहे. परंतु त्याचें वाचन बहुधा एकांगी होतें. कोणी त्यांत निरंकुश सत्तेचा पुरस्कार पाहतो, कोणी आधुनिक प्रजास्वातंत्र्याचा. ग्रंथाच्या अक्षरांस दोन्ही मतें जुळत नाहींत.

आरमाराच्या प्रकरणांतील झाडांसंबंधींची आज्ञा पाहावी. रयतेनें लेकरांप्रमाणें वाढविलेल्या आंबा-फणसांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊनच तोडावें, असा तिचा आशय आहे. आरमारासारख्या गरजेपुढेंही रयतेची मालकी मान्य करणें ही लहान गोष्ट नव्हे. सावकारांस राज्याची शोभा मानून पेठांत वसवावें, हा विचारही त्याच दृष्टीचा होय. वतनदार मात्र ग्रंथकारास लहान लहान राजेच वाटतात; त्यांस स्नेह व दंड यांमध्यें जखडून ठेवावें, असें तो बजावतो.

ग्रंथाचा उणेपणा येथेंच आहे. यांतील सर्व मर्यादा राजाच्या विवेकावर उभ्या आहेत. तो विवेक सुटल्यास रयतेनें कोणाकडे पाहावें? गोतसभेंत बसून महजर करणारा वतनदार हा जुलमाचा धनी होऊं शके, तसा हुजुराती जुलमाविरुद्धचा बांधही होऊं शके. ग्रंथकार मुख्यतः पहिलीच बाजू पाहतो.

विवेक सुटल्याचें फळ दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत दिसतें. मामलती दरबारच्या मंडळींत लिलावानें दिल्या जात, मक्तेदार पोटमक्ते देत व सारा भार अखेर रयतेवर पडे, असें एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत नमूद केलें आहे. पैसा पुण्याकडे वाहिला. आणि ज्याच्याविरुद्ध फिर्याद, तोच ती ऐकणारा झाला. एल्फिन्स्टन हा जेता. पूर्वीच्या सत्तेचे दोष दाखविण्यांत त्याचा हेतु होता, म्हणून त्याचें विधान अस्सल कागदांवर पारखून घेतलें पाहिजे.

ही पारख केवळ पुण्याच्या दप्तरावरून होणार नाहीं. राजधानीच्या रुमालांत हुजुरांत किती रक्कम आली तें सांपडेल. गांवांतून किती उगवली, हें पाटील-कुळकर्ण्यांच्या घरचे ताळेबंद, कर्जरोखे व महजर यांवरूनच कळेल. संग्राहकांचा ओढा मात्र शिक्कामोर्तबाच्या पत्रांकडे असतो. त्यामुळें द्रव्य जसें राजधानींत सांचलें, तसा इतिहासही तेथेंच सांचत आहे. गांवकीचा एक मळका ताळेबंद, तो कोणत्या घरांतून व कोणत्या रुमालांतून आला या नोंदीसह जतन होईल, तर आज्ञापत्रांतील मर्यादा किती पाळल्या गेल्या याचा निर्णय तर्कानें न होतां पुराव्यानें होईल.