नोंदणीचे २८९ दिवस

मागच्या वेळी आपण एर्नान्दो दे सोतो यांच्यापाशी थांबलो होतो. पेरूमधल्या अनौपचारिक धंद्यांवरचं त्यांचं पुस्तक १९८६ चं. लिमामध्ये एक छोटा शिवणकारखाना कायदेशीर नोंदवायला त्यांच्या माणसांना २८९ दिवस लागले. ही टीका आम्हांला पटते. कागद मिळू द्यायचे नाहीत आणि कागद नाहीत म्हणून हुसकावायचं, हा अन्यायच आहे.

पण घोटाळा पुढे आहे. ‘अनौपचारिक’ म्हणताना दे सोतोंच्या डोळ्यांसमोर मुख्यतः उद्योजक असतो. त्याच्याच मशीनवर नगामागे मजुरी घेणारी बाई त्यांना फारशी दिसत नाही. मालकाला परवाना मिळाला, समजा. बाई आजारी पडली तर तिच्या घरात काय शिजणार?

महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात हाच प्रश्न उलट्या बाजूने धरला. हमालाला एक मालक नसतो, बरं का. आज हा गाळा, उद्या तो. म्हणून मंडळं नेमली, मजुरीवर मालकांकडून लेव्ही घेतली, त्यातून भविष्यनिर्वाह निधी उभा केला. अंमल सगळीकडे सारखा झाला नाही, हे खरं. पण दिशा बरोबर होती. परवान्याने धंद्याला मान्यता मिळते. राबणाऱ्या माणसाला ती वेगळी मिळवून द्यावी लागते.