सकीनाचे नाव आणि आठ निनावी तरुण

मराठी कथेत एखादे पात्र रहीम किंवा सलमा या नावाने आले, की माणूस दिसण्याआधी त्याची जमात दिसते, अशी तक्रार आम्ही मुस्लिम मराठी लिहिणारे करतो. ती रास्त आहे. पण नाव देणे अथवा न देणे यात कथाकाराची केवढी सत्ता असते, हे आम्हांला सआदत हसन मंटो यांच्या ‘खोल दो’ या १९४८च्या कथेत दिसते.

फाळणीच्या दंगलीत अमृतसरहून आलेला म्हातारा सिराजुद्दीन निर्वासितांच्या छावणीत आपल्या सकीनाला शोधतो आहे. मदतीला आलेल्या आठ स्वयंसेवक तरुणांना तो तिच्या उजव्या गालावरच्या तिळाची खूण सांगतो. मुलगी सापडल्यावर ते तिला नाव विचारतात. ती घाबरते, त्यांनी दिलासा दिल्यावर कबूल करते. बापाने भरवशाने सांगितलेली खूण आणि मुलीने भरवशाने कबूल केलेले नाव, याच वाटेने तिचा घात होतो. शेवटी दवाखान्यात बाप तिचे नाव घेऊन ओरडतो, तेव्हा ती हलत नाही. डॉक्टर खिडकीसंबंधी दोन शब्द बोलतात आणि त्या शब्दांनी तिचे निर्जीव हात हलतात. नाव निकामी झाले आहे, हुकूम तेवढा उरला आहे.

त्या आठांपैकी एकालाही मंटोंनी नाव दिलेले नाही. ‘ठंडा गोश्त’मध्ये याच्या उलट आहे. तिथे गुन्हेगार ईशरसिंग नावानिशी उभा राहतो, मुलगी निनावी राहते. कारण ज्याच्या तोंडून ती आपल्याला कळते, त्याने तिचे नाव कधी विचारलेच नव्हते. ‘खोल दो’मधले तरुण मात्र परके नाहीत, सकीनाच्याच कौमचे आहेत. त्यांतल्या एकाला नाव मिळाले असते, तर वाचकाने सारा दोष त्या नावावर टाकून हात झटकले असते. निनावी ठेवल्यामुळे तशी सोय उरत नाही.

आमच्या कथांत सोसणाऱ्यांना नावे आहेत, आणि ती हवीतच. पण आमच्यातल्याच जुलूम करणाऱ्यांना आम्ही नाव देऊन एकटे पाडतो, की कथेत येऊच देत नाही? परक्यांच्या लेखणीवर आक्षेप घेताना हा हिशेबही आम्हांला द्यावा लागेल.