नामावळीत नसलेले वादक

'अलबेला'ची गाणी ऐकताना आपण चितळकरांच्या चालीला आणि लताबाईंच्या गळ्याला दाद देतो. ते योग्यच आहे. सी. रामचंद्र चितळकर आमच्या लासलगावच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले, पुणतांब्याचे. त्यांचा आम्हांला अभिमान वाटतो. परंतु १९५१ सालच्या या चित्रपटात गाण्याच्या दोन ओळींमध्ये ट्रम्पेट उसळून येतो, तो कुणाचा, हे किती रसिक विचारतात?

तो चिक चॉकलेट यांचा. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव गोव्यातील हळदोणे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. अशी शिकलेली मुले पोटासाठी मुंबईस आली. ताजमहाल हॉटेलात १९३५ पासून लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांनी जाझ आणला, आणि या मुलांना नवा गुरू भेटला. ठरलेल्या चालीभोवती वादकाने तिथल्या तिथे स्वतःचा विस्तार करावयाचा, हा जाझचा प्राण. आपल्या गवयाच्या उपजेचे हे सख्खे नसले, तरी चुलत भावंड खरेच.

स्वातंत्र्यानंतर दारूबंदीने हॉटेलांतील रंग ओसरला आणि हे वादक चित्रपटाकडे वळले. संगीतकाराने चाल सांगावी आणि प्रत्येक वाद्याने काय वाजवावयाचे ते गोवेकराने कागदावर उतरवावे, अशी रीत पडली. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची भव्यता सेबॅस्टियन डिसोझा यांच्या लेखणीतून उतरली.

माझ्या मते या व्यवहारात गाणे श्रीमंत झाले. वादकाला मात्र पोट भरून नाव गमवावे लागले. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत त्याची उपज चार-दोन आवर्तनांत कोंडली गेली. आमच्या बाजारात कांद्याच्या गोणीवर व्यापाऱ्याची खूण असते, पिकवणाऱ्याची नसते, तसेच हे.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी ही कोंडी फोडू पाहिली. १९५८ साली त्यांनी भारतीय रागांसाठी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला. पण तो फार काळ टिकला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले. पुढे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात त्यांचे नाव गुंफले. देश ते नाव गुणगुणला, परंतु ते नाव धारण करणारा एक व्हायोलिनवादक आहे, हे थोड्यांनाच ठाऊक होते. २०१२ साली ते वारले.

म्हणून म्हणतो, शब्द, चाल आणि गळा एवढ्यावर गाण्याची समीक्षा थांबू नये. वाचकहो, यंदा फराळाच्या वेळी जुनी गाणी लावाल, तेव्हा गायक श्वास घेतो तेवढ्या जागेकडे कान द्या. तिथे एक माणूस वाजवीत असतो.